जुनी बेस घेताय? आधी पालथी करा

जुनी बेस गिटार हातात आली की पहिली ओढ असते ती ॲम्पला लावायची. थोडा धीर धरा. तारा, पिकअप, सेटअप बदलून आवाज पुष्कळ फिरवता येतो. लाकूड मात्र ज्या दिवशी कापलं आणि जोडलं, तसंच राहतं. म्हणून सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं केबल पिशवीतच असू द्या. बेस पालथी करून मांडीवर घ्या, खिडकीजवळ बसा आणि एक छोटी टॉर्च जवळ ठेवा.

आमच्या घरी फर्निचरचं काम चालायचं. सागाच्या आणि शिसवीच्या फळ्या जुळवणं वडिलांकडे शिकलो आणि पुढे गिटार दुरुस्तीत पडलो. त्यामुळे कुणी साठ-सत्तरच्या दशकातली बेस घेऊन आलं, की माझी नजर हेडस्टॉकवरच्या (खुंट्या बसवलेलं टोक) नावाच्या आधी सांध्यांवर जाते. नाव पुसून दुसरं लावता येतं, सिरीयल नंबरची पट्टी बदलता येते. पन्नास वर्षांपूर्वीचा सांधा बदलता येत नाही.

तुकडे किती, यापेक्षा जुळवले कसे

"वन-पीस बॉडी आहे ना?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो. खरं तर तो दुय्यम आहे. फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीची प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आली आणि जॅझ बेस १९६० मध्ये. दोन्हींची बॉडी साधारण तेरा इंच रुंद आणि पावणेदोन इंच जाड. एवढ्या रुंदीची निर्दोष, वाळलेली, हलकी फळी कारखान्याला रोज कुठून मिळणार? दोन किंवा तीन तुकडे सरसाने जोडणं हीच कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या त्या कारखान्याची नेहमीची रीत होती. चांगला सरस लागलेला उभा सांधा आजूबाजूच्या लाकडापेक्षा कमकुवत नसतो. म्हणून तीन तुकड्यांची बॉडी बघून नाक मुरडू नका. ते तुकडे एकमेकांशेजारी कसे बसवलेत, ते बघा.

सुरुवातीच्या बॉडी ॲश लाकडाच्या होत्या. १९५६ च्या सुमारास बहुतेक रंगांसाठी ऑल्डर हे लाकूड आलं, ॲश प्रामुख्याने ब्लाँड (फिकट पिवळसर) रंगासाठी राहिलं. ऑल्डरच्या रेषा फिक्या असतात, त्याची छिद्रं बुजवायला लांबी फारशी भरावी लागत नाही, आणि वर सनबर्स्ट (मध्ये उजळ, कडेला गडद रंग) मारला की सांधा जवळपास दिसेनासा होतो. ब्लाँडमधून लाकूड आरपार दिसतं. तिथे तुकडे निवडतानाच काळजी घ्यावी लागते.

यातून एक उपयोगी खूण हाती लागते. सत्तरच्या दशकात लाकडाचा नैसर्गिक रंग फॅशनमध्ये आला आणि अनेकांनी आपल्या जुन्या सनबर्स्ट बेस तासून उघड्या केल्या. कारखान्यातून नॅचरल म्हणून निघालेली फेंडर साधारणपणे ॲशची असते. समोरची नॅचरल बेस ऑल्डरची असेल, एक तुकडा गुलाबीसर, दुसरा पिवळसर, सांधा बॉडीच्या भलत्याच ठिकाणी, तर ती बहुधा नंतर तासलेली आहे. ते तुकडे कुणाच्या नजरेला पडावेत म्हणून जोडलेलेच नव्हते. बेस वाईट ठरत नाही, पण मूळ रंगाची किंमत तिला देऊ नका.

सांधा शोधायचा कसा? स्ट्रॅपचं बटण असतं त्या खालच्या टोकापासून सुरुवात करा. तिथे लाकूड आडवं कापलेलं असतं आणि झाडाची वलयं कमानीसारखी दिसतात. एका तुकड्याच्या कमानी संपून दुसऱ्याच्या सुरू होतात ती जागा अचूक सापडते, मग तिथून वर सरळ रेषेत नजर न्यायची. रंग अपारदर्शक असेल तर टॉर्च जवळजवळ आडवी धरा. लाकूड वर्षानुवर्षं आक्रसतं आणि सांध्यावर रंगाला केसाएवढी वळी किंवा खळगी पडते, ती तिरप्या प्रकाशात उठून दिसते. तरीही दिसलं नाही तर पिकगार्ड (पुढचं संरक्षक आवरण) आणि कंट्रोल प्लेट काढायची परवानगी मागा. आतल्या खोबणीत रंग पातळ असतो.

सांधा सापडल्यावर तीन गोष्टी तपासा. दोन्ही बाजूंच्या रेषा सारख्याच दाट आहेत का? त्यांचा कल एकाच दिशेला आहे का? आणि सांधा सरळ रेषांच्या भागात पडलाय, की एखाद्या डोंगराच्या आकाराच्या नक्षीला मधोमध कापतोय? हात बसलेला कारागीर सरळ रेषेला सरळ रेषा भिडवतो, त्यामुळे सांधा त्या रेषांमधली आणखी एक रेष होऊन जातो. सांधा बरोबर मध्यभागी असायलाच हवा असं नाही. तो आग्रह पुस्तकासारख्या उघडलेल्या जोडीत असतो, म्हणजे एकच फळी जाडीत चिरून दोन अर्ध्या आरशासारख्या समोरासमोर लावतात तेव्हा. १९६९ मध्ये सुरू झालेल्या ॲलेम्बिकसारख्या बेस बनवणाऱ्या घराण्यांनी ती रीत बेसमध्ये नावारूपाला आणली. त्यांच्या बेसवर मध्यरेषेपासून दोन्हीकडे नक्षी समान अंतरावर नसेल, तर प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे. फेंडरला तोच निकष लावणं अन्यायाचं होईल.

मध्यंतरी एक नॅचरल ॲशची, सत्तरच्या दशकाच्या मध्यातली जॅझ बेस माझ्या टेबलावर होती. पुढून देखणी. मागे तीन तुकडे. मधला आणि खालचा इतका छान जुळवलेला की सांधा नखाने शोधावा लागला. वरच्या शिंगाकडचा तिसरा मात्र वेगळ्याच झाडाचा. रेषा दुप्पट रुंद, रंग गडद, आणि पोटाला टेकायच्या उतारावर एक भलीमोठी लंबगोल नक्षी. त्या तुकड्याचं वजनही जास्त असणार, कारण खांद्याच्या पट्ट्यावर ती एका बाजूला झुकत होती. एकूण वजन पावणेपाच किलोच्या आसपास. त्या काळातल्या ॲशच्या बेस सर्रास साडेचार किलोच्या वर भरतात, ही वजनदार उत्तरी ॲशची करामत. सांधे मात्र दोन्ही ठिकाणी बंद होते, एकातही काळी रेघ नव्हती. मी घेणाऱ्याला सांगितलं, वाजवायला घेत असाल तर निर्धास्त घ्या. संग्रहासाठी घेत असाल तर पाठीमागचा फोटो दाखवून भाव पाडा, कारण नॅचरल रंगात जुळणी हाच सौंदर्याचा अर्धा भाग असतो.

काळी रेघ म्हणजे काय तेही सांगतो. सांध्यावर फक्त वळी असेल तर नख अडकतं, पण रंग सलग असतो. तो वयाचा परिणाम, त्याची काळजी नको. रंग तुटून फटीत मळ आणि घाम साचलेला दिसला की सांधा हललाय. बोटाच्या पेराने सांध्याच्या दोन्ही बाजूंना टकटक करत जा. कुठे बारीकशी खरखर ऐकू आली तर तिथे सरस सुटलाय.

वरचा पातळ मुखवटा

सत्तरच्या दशकातल्या काही स्वस्त जपानी नकलांची बॉडी प्लायची असते. पिकअप उचलून खोबणीची भिंत बघा, थर मोजता येतात. काहींना अनेक तुकड्यांच्या साध्या लाकडावर वरून-खालून ॲशचं विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावलेलं असतं. ते ओळखायची माझी एकच भरवशाची खूण आहे. पुढच्या बाजूची एखादी ठळक रेष पकडा आणि ती खालच्या टोकाला कडेवरून कशी उतरते ते बघा. भरीव लाकडात ती रेष वळून टोकावरच्या वलयांना जाऊन मिळते. विनिअरमध्ये ती कडेला येऊन थांबते आणि पलीकडे वेगळंच लाकूड सुरू होतं. हात टेकायच्या उतारावरही हेच. भरीव लाकूड तिरपं कापलं की नक्षी रुंदावते, बदलते. ती जशीच्या तशी सरळ पुढे जात असेल तर शंका घ्या. नव्वदच्या दशकात जपानी फेंडरवर लाकडाच्या नक्षीची छापील प्रतिमा चढवलेली फोटो फ्लेम मालिकाही निघाली. चांगल्या बेस आहेत त्या, फक्त ती नक्षी झाडाची नाही.

जपानी सेन हे लाकूडही ओळखून ठेवा. दुरून हुबेहूब ॲश, पण तुलनेने मऊ. विकणारा ॲश म्हणतो तेव्हा तो फसवतोच असं नाही, पुष्कळांना फरक माहीतच नसतो.

नेक आणि बॉडी भेटतात ती जागा

जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने एक कोटी तीस लाख डॉलरला फेंडर विकत घेतली. "सीबीएसच्या आधीची" हे शब्द तेव्हापासून किमतीत शिरलेत. उत्पादन वाढलं, आणि सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच बेसमध्ये नेकची खोबण सैल कापलेली सापडते हे खरं. पण सालावरून निकाल देऊ नका, खोबण डोळ्यांनी बघा. साठच्या दशकातली ढिली आणि १९७८ ची घट्ट, दोन्ही मी पाहिल्यात.

नेकच्या दोन्ही बाजूंना व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा. एका बाजूला एक कार्ड जात असेल तर चालतं. दोन-तीन एकावर एक गेली तर पुढची परीक्षा घ्या. तारा सुरात असताना बॉडी मांडीवर घट्ट धरून हेडस्टॉक हळूच बाजूला ढकला. तारा सरकून तिथेच राहिल्या तर स्क्रूंची पकड गेलीय. शिवाय पहिल्या आणि शेवटच्या तारेचं फ्रेटबोर्डच्या (बोटं दाबायची, धातूच्या आडव्या फ्रेट बसवलेली पट्टी) कडेपासूनचं अंतर शेवटच्या फ्रेटपाशी सारखं हवं. जॅझ बेसला १९७५ च्या सुमारास चारऐवजी तीन स्क्रू आणि नेकचा कोन बदलायची सोय आली. त्या काळातल्या बेसवर ही परीक्षा आवर्जून करा. तीन स्क्रू हा मुळातच दोष नाही. सैल खोबणीत तीन स्क्रू असले की नेक हलते, एवढंच.

मालक तयार असेल तर तारा सैल करून नेक उतरवा. १९६२ पासून फेंडर नेकच्या टाचेवर, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावर, शाईचा शिक्का मारत असे, त्यात महिना, वर्ष आणि नटच्या (हेडस्टॉकजवळची, तारा टेकायची खाचांची पट्टी) रुंदीचं अक्षर असतं. त्याआधी पेन्सिलीने तारीख लिहिलेली असते. पॉटवरचा, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या भागावरचा, आकडाही वाचा. १३७ ने सुरू झाला तर सीटीएस कंपनीचा, ३०४ ने झाला तर स्टॅकपोल कंपनीचा, आणि पुढचे आकडे वर्ष व आठवडा. दोन्ही तारखा एकमेकींच्या आसपास आल्या की जीव भांड्यात पडतो. खोबणीत पुठ्ठ्याची किंवा फायबरची चकती दिसली तर घाबरू नका, कारखानाही ती घालत असे. १९६४ पर्यंतच्या बॉडीवर पिकगार्डखाली बारीक खिळ्यांची भोकं असतात. रंग वाळवताना बॉडी त्या खिळ्यांवर ठेवत. भोकात रंग उतरलेला नसेल तर रंग मूळचा असण्याची शक्यता वाढते. भोक रंगाने भरलंय? मग रंग नंतरचा.

नेक: पैसे इथे मोजा

बॉडी कितीही देखणी असो, मी बेसचा निकाल नेकवर देतो. चौतीस इंचांच्या स्केलवर चार जाड तारा अनेक दशकं ओढत राहिल्यात. नेकचं लाकूड चुकीचं कापलेलं असेल तर इतक्या वर्षांत ते स्वतःच कबुली देतं.

आधी बाक आणि पीळ यातला फरक करा. बाक म्हणजे नेक धनुष्यासारखी पुढे किंवा मागे झुकणं. नेकच्या आतल्या धातूच्या सळीने, म्हणजे ट्रस रॉडने, तो बहुतेक वेळा आवरतो. पीळ म्हणजे एक कड वर, दुसरी खाली. त्याला रॉडचा इलाज नाही. ब्रिजकडून एक डोळा मिटून नेकवरून बघा. नटची रेघ आणि शेवटच्या फ्रेटची रेघ समांतर दिसल्या पाहिजेत. मग कोणतीही तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली ०.३ ते ०.४ मिमी फट असावी. जास्त असेल तर रॉडमध्ये अजून किती फेरे शिल्लक आहेत ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या फेंडरमध्ये रॉडचं तोंड टाचेकडे असतं, त्यामुळे नेक उतरवावी लागते. तीन स्क्रूवाल्यांत ते हेडस्टॉककडे गोळीसारखं बाहेर येतं. रॉडचा नट पूर्ण आवळलेला आणि तरी बाक शिल्लक असेल, तर खर्च मोठा आहे.

मग टाचेच्या टोकावर वलयं बघा. फ्रेटबोर्डला समांतर असतील तर सपाट चिरलेली फळी, काटकोनात असतील तर उभी चिरलेली. बहुतेक फेंडर नेक सपाट चिरलेल्या मेपलच्या आहेत आणि त्यातल्या कित्येक आजही सरळ आहेत. उभी चिरलेली फळी जास्त स्थिर असते, मिळाली तर आनंदच. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते नेकच्या कडेवरून रेषा कशा धावतात ते. त्या टाचेपासून नटपर्यंत लांबच लांब गेल्या पाहिजेत. मध्येच तिरक्या होऊन कडेबाहेर पडत असतील तर त्या जागी नेक कमजोर आहे. आणि बहुधा पीळ तिथूनच सुरू झालेला असतो.

शेवटच्या पाच-सहा फ्रेटवर नेक उताराच्या शेवटी उचललेल्या वाटेसारखी वर गेलीय का, तेही बघा. तिथे रॉडचा जोर पोचत नाही. फ्रेट काढून फ्रेटबोर्ड घासावा लागतो.

फ्रेटबोर्डची जोड टाचेच्या टोकावर वाचता येते. १९५९ ते १९६२ च्या मध्यापर्यंत फेंडरने शिसवीची जाड, खालून सपाट पट्टी लावली. नंतर ती वक्र आणि पातळ झाली. सपाट रेघ की कमान, एका नजरेत कळतं. अखंड मेपलच्या नेकमध्ये रॉड मागून घालतात, म्हणून मागे अक्रोडाचा गडद पट्टा दिसतो. त्या काळातल्या शिसवी पट्टीच्या नेकमध्ये रॉड पुढून बसवलेला असल्याने मागे पट्टा नसतो. साठच्या दशकातल्या म्हणून विकायला आलेल्या शिसवी पट्टीच्या नेकला मागे पट्टा दिसला, तर थांबा आणि विचारा.

सुरुवातीची शिसवी ब्राझीलची. साठच्या दशकाच्या मध्यानंतर भारतीय शिसव आली, म्हणजे आपल्या पश्चिम घाटात वाढते तीच जात, जिचे पलंग आणि कपाटं कित्येक मराठी घरांत आहेत. शिसवीचा जांभळट तपकिरी रंग ज्यांनी घरात पाहिलाय त्यांना ती पट्टी लगेच ओळखू येते. ब्राझिलियन पट्टीची बेस परदेशातून आणणार असाल तर मात्र आधी कागदपत्रं बघा. ते लाकूड १९९२ पासून साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे, आणि वाद्यात असलं तरी सीमा ओलांडायला परवाना लागतो. भारतीय शिसवीच्या तयार वाद्यांना २०१९ पासून सूट आहे.

फेंडरबाहेरच्या दोन सूचना. गिब्सनच्या बऱ्याच जुन्या बेस महोगनीच्या आणि हेडस्टॉक मागे झुकलेला, त्यामुळे नटच्या मागे रेषा आखूड पडतात आणि तिथेच लाकूड मोडतं. टॉर्च लावून नटच्या मागची जागा बोटाने चाचपा. रंगाचा तडा आडवातिडवा असतो, लाकडाची चीर रेषांच्या बाजूने धावते. दुसरी, रिकनबॅकर ४००१. तिच्यात दोन रॉड असतात आणि जुन्या रॉडचा नट नुसता आवळून नेक सरळ करायची नसते. आधी हाताने नेक हव्या त्या आकारात धरतात, मग नट बसवतात. माहीत नसलेल्या माणसाने आवळलेल्या नेकचा फ्रेटबोर्ड सुटलेला मी पाहिलाय. तिथे कडेची जोड नखाने तपासा.

मात्सुमोतोचे सुतार

बजेट कमी असेल आणि लाकूडकामावर प्रेम असेल, तर मी लोकांना जपानच्या नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो शहरातल्या मात्सुमोकू कारखान्याच्या बेस शोधायला सांगतो. हा कारखाना मुळात लाकूडकामाचा. शिवणयंत्रांच्या पेट्या बनवणारे हे लोक पुढे गिटारींकडे वळले, आणि १९८७ मध्ये कारखाना बंद होईपर्यंत ती शिस्त त्यांच्या कामात दिसते. आरिया प्रो टू एसबी-१००० हे ठळक उदाहरण. नेक बॉडीतून आरपार जाते, मेपल आणि अक्रोडाच्या पट्ट्या एकाआड एक, आणि दोन्ही बाजूंना पंख जोडलेले.

अशी बेस पालथी करून हेडस्टॉकपासून शेवटपर्यंत एकेका पट्टीवरून बोट न्या. पट्ट्यांची रुंदी कुठे कमी-जास्त होते का? सरसाची रेघ सगळीकडे केसाएवढीच आहे का? दोन पंखांच्या रेषा एकमेकींशी नातं सांगतात का? माझ्याकडे आलेल्या एकीच्या दोन्ही पंखांवरची रेषांची दाटी इतकी सारखी होती की फळी एकच असणार. आणि मधल्या पट्ट्या टाचेच्या गोलाईवर उतरताना दोन्हीकडे एकसारख्या वळल्या होत्या. ती गोलाई हाताने घासली तर पट्ट्यांच्या टोकांवरून चूक लगेच उघडी पडते. तिथे चूक नव्हती. अशी बेस पाहिली की आपल्या कामालाही शिस्त लागते.

एक धोका आहे. आरपार नेकला पीळ आला तर बदलायला दुसरी नेक नाही. इथे नेकची परीक्षा दुप्पट कडक करा.

मग आवाज

आता केबल लावा. पहिल्या तारेवर, म्हणजे 'जी' (G) तारेवर, पाचव्या ते सातव्या फ्रेटवर एकेक सूर धरून ठेवा. फेंडर जातीच्या बेसवर तिथे एखादा सूर लवकर विझतो, कारण नेक स्वतः त्या कंपनसंख्येला हलून तारेची ऊर्जा खाते. थोडं असणं स्वाभाविक आहे. सूर उमटताच संपत असेल तर नको म्हणा. वजनदार बेसवर सूर जास्त टिकतो असं पुष्कळांना वाटतं. मी हलक्या ऑल्डरच्या बेसवर लांब टिकणारे आणि पाच किलोच्या ॲशवर मेलेले, दोन्ही सूर ऐकलेत.

घरी आणल्यावर लगेच रॉडची किल्ली हातात घेऊ नका. कॅलिफोर्निया किंवा जपानच्या हिवाळ्यात, हीटर लावलेल्या खोल्यांत राहिलेली बेस जुलैच्या मुंबईत किंवा रत्नागिरीत उतरली की लाकूड ओलावा पिऊन हलायला लागतं. विदर्भातल्या एप्रिलमध्ये उलट होतं, फ्रेटबोर्ड आक्रसतो आणि फ्रेटची टोकं हाताला टोचू लागतात. बेस केसमध्ये ठेवा, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, तारा नेहमीच्या ताणावर असू द्या. दर तीन-चार दिवसांनी सातव्या-आठव्या फ्रेटपाशची तीच फट बघा आणि मिमीमध्ये लिहून ठेवा. दोन-तीन आठवडे आकडा बदलला नाही, की मग रॉडला पाव फेरा द्या आणि पुढच्या दिवशी पुन्हा मोजा.